जळक्या बिया आणि आपली नाचणी

गोव्यात जेवणाच्या इतिहासाचा विषय निघाला की गप्पा हमखास एका यादीवर येऊन थांबतात. काजू पोर्तुगीजांनी आणला, अननस त्यांनी आणला, मिरची त्यांचीच, पपईही त्यांचीच. यादी बहुतांशी खरी आहे. ही सगळी झाडे मूळची अमेरिकेतली आणि इकडे आली ती सोळाव्या शतकापासून पुढे. पण या यादीच्या पोटात एक न बोललेली दुसरी यादी असते. 1510 च्या आधी जे इथे होते ते सगळे इथलेच, मातीतून उगवलेले, असे आपण धरून चालतो. या दुसऱ्या यादीत नाचणी पहिल्या पंगतीला बसते. नाचणीचे तिजन, नाचणीची भाकरी, डोंगरउतारावर गावडे-वेळीप मंडळींनी केलेली कुमेरी... याहून अस्सल गोमंतकीय धान्य कोणते? तिच्या मागोमाग अळसांदे आणि कुळीथ.

ही दुसरी यादी तपासून पाहावी असे मला फार दिवस वाटते. ती तपासायला कागद उपयोगाचे नाहीत. आपल्याकडचा शिरोड्याचा भोजांचा ताम्रपट चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. म्हणजे तो दीड हजार वर्षांपलीकडे फारसा जात नाही, आणि त्या काळच्या सामान्य माणसाच्या मडक्यात काय शिजत होते हे सांगायला तो कोरलेलाही नाही. त्याहून कितीतरी जुनी चित्रे उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडात आहेत. तिथे वशिंडाचा बैल दिसतो, हरणे दिसतात. जेवण मात्र दिसत नाही. जेवणाचा पुरावा पाहिजे असेल तर राखेत हात घालावा लागतो.

पुरावनस्पतिशास्त्र हा त्या राखेचा अभ्यास. धान्य मातीत पडले तर कुजते किंवा उगवते, दोन्ही प्रकारे ते नाहीसेच होते. पण चुलीवर भाजताना, कांडताना, पाखडताना चार दाणे निखाऱ्यात पडतात आणि हवा पुरेशी न मिळाल्यामुळे राख न होता त्यांचा कोळसा होतो. कोळशाला ना वाळवी लागते ना बुरशी. तो तीन-चार हजार वर्षे तसाच राहतो, आकारासकट. म्हणजे गंमत अशी, की जेवण करपले तरच इतिहासाला मिळते. नीट शिजले ते गेले!

हे दाणे मातीतून वेगळे करण्याची युक्ती आपल्या शेतकऱ्याला नवी वाटणार नाही. पेरणीपूर्वी भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतात, पोचट दाणे वर येतात, भरलेले खाली बसतात. उत्खननात तसेच करतात. चुलीजवळची, खड्ड्यातली माती बादल्या भरभरून पाण्यात ढवळायची. माती आणि दगड तळाला जातात, हलका कोळसा तरंगतो, तो बारीक जाळीवर धरून सावलीत वाळवायचा. जाळीची छिद्रे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असावी लागतात, नाहीतर बारीक भरडधान्य निसटून जाते. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा. जुन्या उत्खननांत पुष्कळदा डोळ्यांना दिसेल तेवढेच वेचले जाई, त्यामुळे गहू, जव, वाटाणा असे ठळक दाणे हाती लागत आणि नाचणी-वरीच्या जातीचे बारीक धान्य मातीच्या ढिगात फेकले जाई. गरिबाचे धान्य इथेही मागच्या दारीच राहिले.

आता घाट चढून पलीकडे जाऊ. हावेरी जिल्ह्यात तुंगभद्रेच्या काठी हळ्ळूर, आणि आणखी पूर्वेला बळ्ळारीजवळ संगनकल्लू. इ. स. पूर्व सुमारे 3000 ते 1200 या काळात कर्नाटकाच्या या पठारावर गुरे पाळणारी, ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर वस्ती करणारी माणसे होती. शेण जाळून झालेले राखेचे प्रचंड ढीग ही त्यांची खूण. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे रवी कोरिसेट्टर आणि लंडनचे डोरियन फुलर यांनी इतर सहकाऱ्यांबरोबर या ठिकाणांची माती पाण्यात तरंगवून पाहिली, आणि 2000 नंतरच्या दशकात जे निष्कर्ष छापले ते मला फार मोलाचे वाटतात. या लोकांची मुख्य पिके चार: कुळीथ, मूग आणि दोन बारीक भरडधान्ये. त्यांतल्या एकाला कन्नडमध्ये कोरले म्हणतात, ते तुमकूर-चित्रदुर्गाकडे अजून थोडेफार पिकते. दुसरे धान्य आज आपण धान्य म्हणून ओळखतच नाही. कपड्यांना चिकटणारे ते गवत शेताच्या बांधावर तण म्हणून उभे असते. चारही पिके या द्वीपकल्पातलीच. रानमूग सह्याद्रीत आजही सापडतो. म्हणजे कुळथाची जागा आपल्या दुसऱ्या यादीत पक्की झाली. कुळथाचे पिठले खाणाऱ्याने हवा तेवढा अभिमान बाळगावा, त्याला चार हजार वर्षांचा आधार आहे. आपल्या शितकडीच्या माणसाला मात्र इथे थोडे उपाशी राहावे लागेल, कारण या गावांच्या रोजच्या धान्यात भात नव्हता.

आणि नाचणी? तिची कथा वळणाची आहे. हळ्ळूरचे उत्खनन नागराज राव यांनी 1965 मध्ये केले आणि अहवाल 1971 साली आला. त्या अहवालात विष्णू-मित्रे यांनी तिथल्या जळक्या धान्यात नाचणी असल्याचे नोंदवले. विष्णू-मित्रे हे या शास्त्राचे भारतातले आद्य पुरुष, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे. त्यांच्या नोंदीमुळे दक्षिणेत नाचणी फार पुरातन असल्याचे पाठ्यपुस्तकांत गेले. इकडे 1976 मध्ये हिलू आणि डी वेट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी नाचणीचा रानटी पूर्वज पूर्व आफ्रिकेतला असल्याचे दाखवून दिले. आपल्या अंगणात उगवते ते नाचणीसारख्या बोटांच्या कणसाचे रानगवत तिचे नातेवाईक खरे, पण थेट आई नव्हे. लागवडीची नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातून निघालेली. म्हणजे ती समुद्र ओलांडून आली. मग ती आली केव्हा? फुलर यांनी 2003 मध्ये आफ्रिकी पिकांच्या भारतातल्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा नाचणीच्या बऱ्याच नोंदी टिकल्या नाहीत. बारीक भरडधान्य जळताना फुगते, गोल होते, आणि मग कोरले काय, नाचणी काय, सगळे भाऊ-भाऊ दिसू लागतात. शिवाय उंदराची बिळे आणि मुंग्यांची वारुळे वरचा दाणा खालच्या थरात नेऊन ठेवतात. म्हणून आता थराच्या काळावर विसंबत नाहीत. जमेल तिथे त्या एकेका दाण्याचेच कार्बन-14 ने वय काढतात. या चाळणीतून गेल्यावर नाचणी पठाराच्या पहिल्या शेतकऱ्यांच्या ताटातून उठते आणि नंतर आलेल्या पाहुण्यांत जाऊन बसते.

यात विष्णू-मित्रेंचा कमीपणा मला दिसत नाही. त्यांच्यापाशी जी साधने होती त्यांनी त्यांनी पाहिले. आणि नाचणीचाही नाही. हजारो वर्षे जे पीक डोंगरउतारावर माणसाला जगवत आले त्याने जन्मदाखला का दाखवावा?

अळसांद्यांचे तर याहून मजेशीर. अळसांदा ही चवळीचीच आपल्याकडे जपलेली ठसठशीत जात, आणि चवळी पश्चिम आफ्रिकेची. तिचे अतिशय जुने जळके दाणे घानातल्या किंटाम्पो संस्कृतीच्या ठिकाणी मिळाले आहेत, इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातले. वालही आफ्रिकेचा. घाटावरच्या भाकरीचे तेच: ज्वारी पूर्व सुदानकडची, बाजरी सहाराच्या दक्षिण कडेची. वास्को-द-गामा ज्या समुद्रातून आला त्या समुद्रावरून आफ्रिकेची धान्ये त्याच्या तीन-साडेतीन हजार वर्षे आधीपासून इकडे येऊ लागली होती, आणि ती आणणाऱ्यांची नावे कुठल्याच शाळेत पाठ करून घेतली नाहीत. आज मळ्यात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ आणि अळसांदे शेजारी शेजारी पेरतात. एक इथला, एक तिकडचा.

दाणा 'काय' ते सांगतो. 'का' हे विचारले की मात्र वाद सुरू होतात. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 अशी वर्षे खणले. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यामागची नावे. तिथल्या धान्याचा अभ्यास काजळे यांनी केला. ज्वारीच्या या मुलुखात तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी मुख्यतः जव पिकवत होता! जोडीला मसूर, कुळीथ, वाल, वाटाणा, थोडा गहू. पाण्यासाठी पाट काढलेला होता, मोठ्या घराला लागून धान्याचे कोठार होते. इ. स. पूर्व 1000 नंतर चित्र पालटते. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती खालावते, शिकारीची हाडे वाढतात, आणि सुमारे 700 मध्ये गाव उठते. ढवळीकरांनी याचे कारण दिले अवर्षण. ते पटण्यासारखे होते आणि बराच काळ पटलेही. पण तिथल्या बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 2011 च्या आपल्या पुस्तकात पाऊस आटल्याच्या या कल्पनेलाच हरकत घेतली. हवामानाचे पुरावे तसे म्हणत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मला स्वतःला दुष्काळाचे एकच कारण अपुरे वाटते. पाट काढणारी माणसे पहिल्या कोरड्या वर्षी गाव सोडत नाहीत. जमिनीचा कस, लोकसंख्या, पाटाच्या पाण्यावरून होणारी भांडणे, या गोष्टी जळक्या जवात उमटत नाहीत, म्हणून त्या नव्हत्या असे नव्हे.

आपल्या अगदी दाराशी असाच एक पुरावा समुद्राच्या तळाशी आहे. कारवारसमोर काळी नदीच्या मुखाबाहेर समुद्रतळाचा गाळ नळीने काढून कॅरॅटिनी आणि सहकाऱ्यांनी त्यातले परागकण मोजले, 1994 मध्ये निष्कर्ष छापला. परागकणाचे कवच इतके चिवट असते की गाळात ते हजारो वर्षे टिकते, आणि प्रत्येक झाडाचा कण वेगळा. काळी नदी जोयडा-दांडेलीचे रान धुऊन समुद्रात नेते, म्हणजे त्या गाळात आपल्या शेजारच्या सह्याद्रीचाच हिशेब आहे. सुमारे 3500 वर्षांपूर्वी सदाहरित रानाचे परागकण घटतात, खाडीतल्या खारफुटीचेही घटतात आणि गवताळ माळाचे वाढतात. हवा कोरडी झाली, असा त्यांचा निष्कर्ष.

कुमेरीची कुऱ्हाड रान कमी करू शकते, हे आपण जाणतोच. तेव्हा माणसाचा हात यात मुळीच नव्हता असे म्हणायला मी धजणार नाही. पण डोंगरावरच्या कुऱ्हाडीने खाडीतली खारफुटी कशी आटेल? त्यामुळे पाऊस उणावला हेच अधिक सरळ दिसते. आणि नेमक्या याच शतकांत घाटापलीकडे संगनकल्लूची वस्ती उठली नाही, भरभराटीला होती. त्यांच्या चुलीत करपत होता तो कुळीथ, ज्याला पाऊस थोडा कमी पडला तरी चालते.