घोडा कोणाचा?

लष्करी इतिहास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पानिपत, खर्डा अशा लढाया उभ्या राहतात. लढाई एका दिवसात आटोपते. तिच्या अलीकडे-पलीकडे मात्र महिनोन्‌महिने फौज पोसायची असते: भरती, हजिरी, दाणावैरण, थकलेला पगार, मेलेल्या घोड्याची भरपाई, बढतीवरून रुसवेफुगवे. या ग्रंथाचा विषय हा रोजचा कारभार आहे. विषय रुक्ष वाटेल, म्हणून नवख्या वाचकाला एकच प्रश्न सोबत देतो. कोणतीही फौज समोर आली की विचारावे, घोडा कोणाचा?

सभासदाने लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या बखरीत या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, आणि शिलेदारांनी वागायचे ते पागेच्या आज्ञेत. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची याद होई. परतल्यावर झडती घेऊन जादा निघेल त्याची किंमत पगारात वळती केली जाई. घोडा सरकारचा, म्हणून हुकूमही सरकारचा. 1673 मध्ये चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र याच्या जोडीला वाचावे. उंदराने जळती वात पळवली तर गवताची गंज पेटेल आणि पागा जाईल, इथपर्यंतची काळजी त्यात आहे. मनुष्यबळाच्या व्यवस्थापनावर इतका नेमका कागद मला दुसरा ठाऊक नाही.

मात्र सभासदाने हे लिहिले ते जिंजीला, राजारामांच्या काळात, जुनी घडी विस्कटत असताना. त्याच्या शिस्तीच्या वर्णनात आठवणीचा गोडवा मिसळलेला असणार. त्याच धामधुमीत सरंजामाची, म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरदाराला मुलूख लावून देण्याची, पद्धत फोफावली आणि पुढे पेशवाईत सरदार आपापल्या फौजा घेऊन येऊ लागले. मोहिमेआधी शिलेदारांना नालबंदीची आगाऊ रक्कम द्यायची, गणतीत घोडी भरतात का पाहायचे, हा पेशव्यांच्या फडावरचा, म्हणजे कचेरीतला, नित्याचा व्याप झाला. कामी आलेल्याच्या मुलांना बालपरवेशी मिळे. पेन्शनचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा शब्द जरूर टिपून ठेवावा. पगार थकला की शिपाई धरणे धरून बसत. 1809 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत अशी धरणी वारंवार भेटतात. आजचे आपले धरणे आंदोलन छावणीतल्या या लोकांना मुळीच नवे वाटले नसते.

शिलेदार पेशवाईबरोबर संपला, असा आपला समज असतो. तो संपला नाही. इंग्रजी कागदांत ‘सिलादार’ होऊन राहिला. पेशवे आणि इंग्रज यांच्यातील 1817 च्या पुणे करारातून उभी राहिलेली पूना हॉर्स ही घोडदळाची तुकडी याच वळणाची. अशा घोडदळाच्या रिसाल्यांत भरती होणारा जवान घोडा आणि साजसामानासाठी ठरावीक रक्कम भरी. तिला अस्सामी म्हणत, आणि नोकरी सुटली की ती परत मिळे. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या 39 हिंदी रिसाल्यांपैकी मद्रासकडचे तीन सोडता बाकी सारे सिलादार होते. स्वतःचे पैसे गुंतवणारा सवार घरंदाज असतो आणि घोड्याला जपतो, असा त्यामागचा हिशेब. शांततेच्या काळात तो बरा चालला. 1914 मध्ये रिसाले फ्रान्सला गेले, घोडी भराभर मरू लागली, आणि एवढी भरपाई रिसाल्याच्या गाठीच्या पैशातून होईना. 1921 च्या पुनर्रचनेत पद्धतच मोडीत निघाली. खुद्द इंग्लंडच्या फौजेत 1871 पर्यंत अधिकारपदे पैसे मोजून विकत मिळत. तेव्हा अस्सामीला ‘देशी खूळ’ म्हणणाऱ्याने जरा जपून बोलावे.

या क्षेत्रात शिरताना आरंभी सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा 1928 चा इंग्रजी ग्रंथ वाचावा. मोगली बाजूसाठी आयर्विन यांचा मोगल फौजेवरचा ग्रंथ. त्यानंतर मोडी शिकावी आणि पुण्याला पेशवे दफ्तराकडे वळावे. तिथल्या फौजेच्या कागदांत शिलेदाराच्या नावाबरोबर त्याच्या घोड्याचा रंग आणि किंमतही सापडते. किंमत लिहायची कारण घोडा पडला तर सरकारने काय द्यायचे, त्यावरून पुढे भांडण नको.