यात्रेहून काय आणलंस?

आपल्याकडे कुणी परगावाहून आलं की प्रवास कसा झाला, हा प्रश्न मागाहून येतो. आधी पोरांचे हात पिशवीत जातात. खाऊ हा शब्दच मोठा गोड आहे. तो खाण्याचा पदार्थ असतो खरा, पण त्याचा अर्थ "तिकडे असताना तुझी आठवण होती" एवढाच असतो.

ही रीत जुनी आहे. काशीला गेलेला माणूस तांब्याच्या गडूत गंगेचं पाणी भरून, तोंड डाखून आणायचा. घरी पोचला की मावंदं घालायचा, गडूची पूजा व्हायची, आप्तेष्ट जेवायचे. एखादा गडू न उघडता देवघरात ठेवलेला असे, घरातल्या कुणाच्या शेवटच्या क्षणी दोन थेंब तोंडात घालायला. पंढरपूरहून चुरमुरे, बुक्का आणि तुळशीची माळ यायची. यामागचा विचार मला फार आवडतो. जो जाऊ शकला नाही, त्याचाही यात्रेत वाटा आहे. जाणाऱ्याने तो वाटा आणून पोचवायचा.

पण हा वाटा सगळ्यांचा कुठे होता? चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना विठ्ठलाचं देऊळ खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. त्याच्या वीस वर्षं आधी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. ज्यांना गावच्या तळ्याचं पाणी मिळत नव्हतं, त्यांच्यासाठी गंगेच्या गडूचा अर्थ काय असेल? पिढ्यान् पिढ्या त्यांनी वारी केली आणि दाराबाहेरूनच प्रसाद घेऊन ते घरी परतले.

मग १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. त्या दिवशी विजयादशमी होती. नागपूरला व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर पांढरी वस्त्रं नेसून लाखो माणसं जमली होती. डॉ. आंबेडकरांनी भदंत चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः त्या जनसमुदायाला दिली. नागपूरच का निवडलं, याचं उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिलं. बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी, हे त्याचं कारण. पुढच्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. ते मैदान मात्र दीक्षाभूमी झालं, आणि दर वर्षी दसऱ्याला तिथे माणसं येऊ लागली.

आता पेच असा, की या यात्रेहून घरी न्यायचं काय? बावीस प्रतिज्ञांनी जुने देव आणि श्राद्धपक्ष नाकारले होते. म्हणजे अंगारा नाही, बुक्का नाही, देवाचा प्रसाद नाही. पण रिकाम्या हाताने घरी जायचं तर पोरं पिशवीत हात घालणारच!

त्या पिशवीत पुस्तक आलं.

दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीच्या परिसरात जाऊन बघा. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या मूर्ती असतात, पंचशील ध्वज असतात, दिनदर्शिका आणि गाणी असतात. पण डोळ्यांत भरतात ती पुस्तकांची दुकानं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', 'जातिसंस्थेचे उच्चाटन', भारताचं संविधान, आणि दहा-वीस रुपयांच्या पातळ पुस्तिकांचे ढीग. राज्य शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडांच्या रूपाने काढायला सुरुवात केली. त्यांचे संपादक वसंत मून हे नागपूरच्याच वस्तीत वाढलेले. ते जाडजूड खंडही लोक इथून खांद्यावरून नेतात. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांच्या पिशवीतही हेच असतं.

यात एक न्याय आहे. बाबासाहेब स्वतः परदेशातून काय आणत होते? पुस्तकंच. न्यूयॉर्कला शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं जमवली, असं चरित्रकार सांगतात. त्यांतली बरीचशी पुढे हातची गेली. १९१७ साली लंडनहून परतताना वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान टॉर्पेडोने समुद्रात बुडालं. तरी माणूस थांबला नाही. पुढे दादरला 'राजगृह' बांधलं, तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून.

ज्या समाजाला अक्षरापासून दूर ठेवलं, त्याने यात्रेची भेट म्हणून अक्षरच निवडलं. नेणाऱ्याला ते वाचता येतंच असं नाही. पण घरात कुणीतरी शिकतंय, ते वाचेल, हा भरवसा त्या खरेदीत असतो. गडू घरातल्या म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलेला असायचा. पुस्तक लहानांसाठी आणलं जातं.

याचा अर्थ संत्राबर्फी आणू नये असा नाही हं. नागपूरकर इतका कठोर नसतो! १८६७ साली मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोचली आणि दूरच्या बाजारांची वाट खुली झाली. संत्रं नाजूक, साल सैल, प्रवासात दबतं. बर्फीचा खोका मात्र निमूटपणे शेजारच्या घरापर्यंत पोचतो. तीही एक आठवणच.

फक्त स्टेशनावर घाईघाईने एकाच प्रकारचे दहा खोके उचलण्याआधी क्षणभर थांबावं. कुणासाठी घेतोय, त्याला या गावातलं काय पोचायला हवं, हे मनाशी विचारावं. गंगेचा गडू आणणाऱ्याला ते ठाऊक होतं. दीक्षाभूमीवर दहा रुपयांची पुस्तिका निवडताना पोराची इयत्ता आठवणाऱ्या बाईलाही ते ठाऊक असतं.