पाच मैलांची कंपनी

स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ लागले की समजावे, गाव इथे नाही. इथे उतरून गावाचा रस्ता धरायचा आहे. नाशिकरोड, बार्शी रोड, सातारा रोड ही सगळी अशीच नावे. त्यातले बार्शी रोड पुढे कुर्डुवाडी झाले. नाशिकरोड मात्र नाशिकरोडच राहिले, आणि आता मधली मोकळी जागा घरांनी भरून गेल्यामुळे त्या ‘रोड’चा अर्थ कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माझ्या आजीच्या ध्यानात तो होता. मेनरोडजवळच्या एका वाड्यात १९२०च्या दशकात ती लहानाची मोठी झाली. कुणाची एखादी संधी हातची गेली की ती म्हणायची, “गेली बाई त्याची ट्राम!” आम्हा मुलांना वाटे, हा मुंबईहून आलेला शब्द असणार. नाशकात कुठली आली ट्राम? मी पेशाने इतिहासकार नाही. सातपूरच्या एका कारखान्यात पाळ्या करतो आणि साप्ताहिक सुट्टीचा दिवस सार्वजनिक वाचनालयात काढतो. अशाच एका सुट्टीला, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटिअरमध्ये नाशिक शहर स्टेशनाशी ट्रामने जोडलेले असल्याची नोंद वाचली आणि आजीची क्षमा मागावीशी वाटली. तोवर ती जाऊन बरीच वर्षे झाली होती.

त्या नोंदीपासून सुरू झालेला शोध मला नाशकाबाहेर, मुंबईला आणि बार्शीला घेऊन गेला. खाजगी वाहतूक कंपनी वाढते कशी आणि मरते कशी, हे एका गावापुरते पाहून कळत नाही, असे लक्षात आले. म्हणून या लेखात तीन कंपन्या आहेत. पण प्रश्न नाशकाचाच आहे.

आधी पाच मैलांचा हिशेब. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे जीआयपी ही विलायतेतली खाजगी कंपनी. तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने १८४९च्या करारानेच दिलेली होती. १६ एप्रिल १८५३ला तिची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि १८६५मध्ये कसारा-इगतपुरीचा थळघाट खुला झाला. घाट चढून आलेल्या या मार्गाला मनमाड, भुसावळ गाठायचे होते. मुंबई-आग्रा रस्ता नाशिक शहरातून जात होता, पण रेल्वेने आपली सोपी वाट धरली आणि शहर सुमारे पाच मैल बाजूला राहिले. हमीच्या कंपनीला गावाच्या दारापर्यंत जाण्याची निकड नव्हती. गावाला गरज असेल तर त्याने स्टेशनापर्यंत यावे.

आणि लोक येतच होते. गोदावरीच्या स्नानाला, पंचवटीला, पुढे त्र्यंबकेश्वराला जाणारा यात्रेकरू स्टेशनावर उतरे, आणि मग टांगा, बैलगाडी किंवा पायपीट. टांग्यात माणसे बसणार तीन-चार. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की गर्दी लोटणार आणि एरवीच्या दिवसांत वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावाची तुरळक ये-जा. या पाच मैलांवर धंदा आहे, हे कुणाला तरी दिसणारच होते.

१८८९मध्ये नाशिकची ट्राम उभी राहिली. खाजगी कंपनी, अडीच फुटी अरुंद रूळ, दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट नाशिकरोड स्टेशन. लोखंडी रुळावर चाकाला घर्षण कमी, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीपेक्षा तोच घोडा कितीतरी जास्त ओझे ओढतो. ट्रामचे सारे अर्थशास्त्र एवढ्यावर उभे असते. मात्र त्याला दुसरी बाजू आहे. घोडा गाडी रिकामी असली तरी खातो आणि रूळ गाडी न धावली तरी गंजतो. दोन्हींचा खर्च रोजचा. नाशिकच्या उतारूंची मिळकत मात्र सणावारांची आणि पर्वण्यांची.

ही ट्राम १९३१ ते १९३३च्या दरम्यान बंद पडली. कारण म्हणून दुष्काळ आणि प्लेग यांचे नाव घेतले जाते. मीही बरीच वर्षे तेच सांगत आलो. मग एकदा सगळी साले एका कागदावर एकाखाली एक मांडली. दुष्काळ १८९६-९७ आणि १८९९-१९००. मुंबईत प्लेग १८९६च्या उत्तरार्धात आला, १८९७मध्ये साथरोगांचा कायदा झाला, यात्राजत्रांवर आणि रेल्वेच्या उतारूंवर निर्बंध आले. यात्रेकरूंवर जगणाऱ्या ट्रामला हा घाव मोठाच होता. पण त्यानंतरही ती तीस वर्षे धावली. घोड्यांच्या जागी पेट्रोलचे इंजिन आले, म्हणजे कुणीतरी तिच्यात पुन्हा पैसाही घातला. माणूस ज्या दुखण्यातून उठून तीस वर्षे चालला-फिरला, ते दुखणे त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर लिहीत नाहीत. प्लेगने कंपनीची गंगाजळी आटवली असेल. तिला संपवणारे कारण दुसरे असले पाहिजे. ते शोधायला बाकीच्या दोन कंपन्यांकडे जावे लागते.

पहिली मुंबईची. बॉम्बे ट्रामवे कंपनीची घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ला कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत धावली. भाडे तीन आणे. हिच्याकडेही घोडेच होते, शेकड्यांनी. पण १९०५मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही नवी कंपनी निघाली आणि तिने ट्रामचा धंदा आपल्या हाती घेतला. तिचे नाव नीट वाचले तर गुपित कळते. वीजपुरवठा आधी, ट्राम नंतर. ७ मे १९०७ला विजेची ट्राम सुरू झाली. ज्या विजेवर गाड्या धावत, तीच वीज घरांना आणि दुकानांना विकली जाई. गाड्या कमी भरल्या तरी दिवे जळत होतेच. रस्त्यावर मोटारींची स्पर्धा उभी राहू लागली तेव्हा कंपनीने १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी स्वतःचीच बस काढली. स्पर्धकाला तिने घरात घेतले. ७ ऑगस्ट १९४७ला मुंबई महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली तेव्हा ती चालती होती. आजची ‘बेस्ट’ ती हीच. ट्राम तिने स्वतः ३१ मार्च १९६४ला थांबवली; बस आणि वीज राहिली.

दुसरी कंपनी बार्शीची. नाशकाशी तिचे साम्य थक्क करणारे आहे. जीआयपीने बार्शीलाही बाजूला टाकले होते. पाच मैल नव्हे, एकवीस मैल. इथेही अडीच फुटीच रूळ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर १८८२मध्ये जीआयपीच्या नोकरीत आला आणि बार्शीचा बाजार पाहून त्याला हलक्या रेल्वेचे वेड लागले. बालाघाटाकडून, निजामाच्या मुलखातून बार्शीला कापूस आणि धान्य येई आणि तिथून बैलगाड्यांनी स्टेशनावर जाई. कॅलथ्रॉपचे म्हणणे असे, की रूळ अरुंद आणि हलके असले तरी प्रत्येक आसावर सारखा, पाच टनांचा भार वाटून दिला तर त्यावरून भरपूर माल नेता येतो. १८९५मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि १८९७मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. ते साल दुष्काळाचे होते आणि प्लेगचेही. नाशिकच्या ट्रामवर जे संकट होते, त्याच संकटात ही कंपनी जन्माला आली.

तरी ती वाढली. १९०६मध्ये पंढरपूर, १९११मध्ये लातूर, १९२७मध्ये मिरज. एकवीस मैलांचे दोनशे दोन मैल झाले. आषाढी-कार्तिकीला वारकरी, सुगीनंतर कापूस आणि धान्य, एरवी बाजाराचा किरकोळ माल. एक हंगाम ओसरला की दुसरा भरत असे. प्रत्येक नवा फाटा जुन्या मार्गाला माल आणून देई. लातूरची पेठ या रेल्वेमुळे फोफावली आणि लातूरच्या पेठेने रेल्वे पोसली. १ जानेवारी १९५४ला भारत सरकारने ही कंपनी विकत घेतली, तेव्हा तीही चालती होती.

आता नाशकाकडे परत येऊ. मुंबईच्या कंपनीला वीज हा दुसरा पाय होता, बार्शीच्या कंपनीला माल हा दुसरा पाय होता. नाशिकची ट्राम एका पायावर उभी होती: उतारू. तिला पुढे फाटाही फुटला नाही. त्र्यंबकेश्वराचा यात्रेकरू मेनरोडवर उतरला की तिचा राहिला नाही. मालाला आग्रा रोड होताच.

या एका पायावर पेट्रोलचा घाला पडला. ज्या पेट्रोलने कंपनीची घोड्यांपासून सुटका केली, त्याच पेट्रोलवर शेजारच्या रस्त्यावर मोटार धावू लागली. ट्रामला आपले रूळ स्वतः राखावे लागतात. मोटारवाल्याला रस्ता तयार मिळतो, आणि तो उतारूला रुळांच्या टोकाशी न सोडता घराशी सोडतो. रस्ता मोकळा असेल आणि अंतर पाचच मैल असेल, तर या सामन्याचा निकाल ठरलेला असतो. गंमत अशी, की उतारू काही कमी होत नव्हते. नाशिकरोडला १९२५मध्ये सिक्युरिटी प्रेस आले, पाठोपाठ नोटांचा छापखाना आला. देवळालीची छावणी होतीच. १९३२च्या सिंहस्थाच्या आगेमागे, म्हणजे गावात यात्रेकरूंची सर्वांत मोठी गर्दी असताना, ट्राम संपली. दुष्काळ-प्लेगाचे कारण मला पटेनासे झाले ते इथे. ट्राम बुडाली ती माणसे नव्हती म्हणून नव्हे. माणसे होती, ती मोटारीत बसली. हा माझा निष्कर्ष आहे. सालांच्या जोडणीवर तो उभा आहे आणि कुणी कंपनीची वहीच पुढे ठेवली तर मी तो आनंदाने बदलेन.

पण या तीन कंपन्यांमधला खरा फरक मला तोट्या-नफ्याच्याही पुढचा वाटतो. खाजगी कंपनीचा रस कधी ना कधी संपतो. मुंबई आणि बार्शीच्या कंपन्यांचा रस संपत आला तेव्हा पलीकडे घेणारा उभा होता: एकीकडे महापालिका, दुसरीकडे भारत सरकार. दुसऱ्या पायाने त्यांना तेवढी वर्षे तगवले, एवढेच त्याचे खरे मोल. नाशिकची ट्राम पंधरा-वीस वर्षे आधी गेली. मोटारींवर परवान्याचे बंधन आणणारा कायदा १९३९चा. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ला अहमदनगरहून पुण्याला धावली. १९३१-३३मध्ये ही माणसे वाहून नेणे हे आपले काम आहे, असे मानणारी सार्वजनिक संस्थाच नव्हती. रूळ निघाले, आणि त्याबरोबर स्टेशन ते शहर ही वाहनासाठी राखलेली पट्टीही गेली. ती पुन्हा मिळाली नाही.

पट्टी राहिली तर काय होते, तेही सांगतो. एप्रिल २०१६मध्ये लातूर पाण्यावाचून तडफडत होते. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडीवरून लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. रूळ आता रुंद झाले आहेत, काही ठिकाणी वाटही बदलली आहे. पण मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर ही साखळी जोडली होती ती बार्शी लाइटने, कापसासाठी आणि वारकऱ्यांसाठी. कंपनी केव्हाच गेली होती. तिने जोडलेल्या गावांना तिची जोड शंभर वर्षांनी कामी आली.

नाशकात शहर बससेवा पुष्कळ वर्षे एसटीने चालवली. ८ जुलै २०२१पासून ती महापालिकेची आहे. बस ठेकेदाराच्या, त्याला पैसे किलोमीटरमागे; तिकिटाचे उत्पन्न महापालिकेचे आणि तूटही महापालिकेची. तोट्याची बातमी आली की बस आवरती घ्या म्हणणारे पुढे येतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांना ट्रामची गोष्ट सांगतो. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली होती. तिची एकही गाडी अजून धावलेली नाही. सिंहस्थ २०२७चा आहे.

मुंबईला जुने अहवाल पाहायला गेलो की परत यायला रात्र होते. नाशिकरोडला उतरून बाहेर येतो, तर रिक्षावाले ओरडत असतात, “शालिमार, सीबीएस, शालिमार!” एक सीट भरायची राहिलेली असते. मी आत सरकून बसतो. ते पाच मैल अजून तिथेच आहेत, आणि सीटवारी विकले जात आहेत.