पाहणाऱ्यांनी ठरवलेला वाङ्निश्चय

रीजन्सी काळावर बेतलेल्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास येतो. उमराव घराण्यातला तरुण आणि एखाद्या गरीब पाद्र्याची मुलगी काही निरुपद्रवी कारणाने एकत्र दिसतात, बघणारे त्यांचे लग्न ठरलेच असे धरून चालतात, आणि कुणी कुणाला मागणी घातलेली नसताना दोघेही वाङ्निश्चयात अडकतात. पुढची तीनशे पाने हा गैरसमज निस्तरण्यात आणि शेवटी तो खरा करण्यात जातात. आजचा वाचक याला लेखिकेची सोय समजतो. दोघांनी उठून ‘असे काही नाही’ म्हटले असते तर गोष्ट तिसऱ्या पानावरच संपली असती, असे त्याला वाटते. या कथांमधल्या बऱ्याच गोष्टी सोयीच्या असतात हे मान्य, पण नेमकी ही नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न ठरले की नाही हे त्या दोघांच्या तोंडून कळण्याची व्यवस्थाच नव्हती. ते चारचौघांनी काय पाहिले यावरून ठरत असे, समाजात आणि कोर्टातही. घराण्यांत जितके अंतर जास्त, तितका हा चारचौघांचा निवाडा महाग पडत असे.

हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. 1753च्या आधी इंग्लंडमध्ये दोघांनी एकमेकांना दिलेल्या वचनाला बराच धार्मिक जोर होता. वचन मोडणाऱ्याला चर्चच्या न्यायालयात खेचून लग्न लावायला भाग पाडता येत असे. श्रीमंत वारसांना फूस लावून केलेली गुपचूप लग्ने थांबवण्यासाठी लॉर्ड हार्डविक यांनी 1753 साली विवाहाचा कायदा आणला. तो पुढच्या वर्षापासून लागू झाला. आता लग्न चर्चमध्ये, आगाऊ घोषणा करून किंवा परवाना काढून, नोंदवहीत सह्या करूनच व्हायला हवे होते, आणि वचनाच्या आधारे कुणाला बोहल्यावर चढवण्याचा चर्चचा अधिकार संपला. लग्न असे कागदावर पक्के झाले. वाङ्निश्चय मात्र होता तिथेच राहिला. त्याला ना विधी, ना नोंद, ना ठरलेले साक्षीदार. वचनभंग झालाच तर साध्या दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागायची, एवढाच मार्ग उरला. वचन लेखी असावे अशीही अट नव्हती. शिवाय अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून न्यायाधीश असे मानत आले होते की पुरुषाने मागणी घातल्याचे सिद्ध झाले, तर स्त्रीचा होकार तिच्या वागण्यावरूनही ताडता येतो.

या सगळ्यावर कडी करणारा नियम पुराव्याच्या कायद्यात होता. दाव्यात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे तो खोटे बोलणार, या तर्काने वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहायला मनाई होती. इतर दिवाणी दाव्यांतली ही बंदी 1851 साली उठली. वचनभंगाच्या दाव्यांतली 1869 साली. म्हणजे संपूर्ण रीजन्सी काळात, 1811 ते 1820, ‘मी मागणी घातलीच नव्हती’ हे सांगायला प्रतिवादीला कोर्टात तोंड नव्हते आणि ‘त्यांनी मला वचन दिले होते’ हे सांगायला वादी स्त्रीलाही नव्हते. बोलणार कोण? दार उघडणारी मोलकरीण, शेजारच्या बाई, मामा, घोडागाडीवाला, आणि टेबलाच्या खणात सापडलेली पत्रे. डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’मध्ये याचीच टिंगल केली. पिकविक घरमालकिणीला नोकर ठेवण्याविषयी विचारत असतो, बाईंना ती मागणी वाटते, त्या त्याच्या अंगावर मूर्च्छित पडतात आणि त्याच क्षणी मित्रमंडळी आत येते. पुढे कोर्टात हेच मित्र नाइलाजाने त्याच्याविरुद्ध साक्षीदार ठरतात आणि जेवणात काय हवे ते कळवणारी चिठ्ठी प्रेमपत्र म्हणून वाचली जाते. पिकविक स्वतः मात्र एक शब्द बोलू शकत नाही. हे वाचून आपण हसतो, पण त्यातला कायदा डिकन्सने रचलेला नाही.

बैठकीच्या खोलीतले नियम याच धर्तीचे होते. अविवाहित तरुण-तरुणीने परस्परांना पत्रे लिहिणे, एकाच संध्याकाळी दोनपेक्षा जास्त नाच एकत्र करणे, केसांची बट देणे, आडनाव सोडून नावाने हाक मारणे, या सगळ्या गोष्टींतून पाहणारे लग्नाचा अर्थ काढत. जेन ऑस्टिनच्या 1811 साली आलेल्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मध्ये मॅरियॅन विलोबीला पत्र लिहिताना दिसते, आणि सख्खी बहीणसुद्धा न विचारता निष्कर्ष काढते की यांचे ठरले आहे. प्रत्यक्षात काहीच ठरलेले नसते. त्याच कादंबरीत एडवर्डचा वाङ्निश्चय खरोखर झालेला असतो, पण तो गुप्त असल्यामुळे कुणाला ठाऊक नसतो. दिसणारा वाङ्निश्चय खोटा आणि खरा वाङ्निश्चय अदृश्य, अशी ती रचना आहे. ‘पर्स्वेजन’मधला कॅप्टन वेंटवर्थ तर त्याहून अडचणीत सापडतो. लुइझाशी तो नुसता मोकळेपणाने वागलेला असतो. मित्र आपल्याला बांधलेला समजतात हे कळल्यावर मात्र त्यालाही तसेच वाटू लागते. वचन नाही, मागणी नाही, तरी अब्रूने बांधलेला. तो गाव सोडतो आणि पोरीचे मन दुसरीकडे वळण्याची वाट बघतो. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये लेडी कॅथरीन भाच्याचे एलिझाबेथशी ठरल्याच्या अफवेवर विसंबून गाडी जुंपून तिच्याकडे धडकतात. न झालेला वाङ्निश्चय मोडून घेण्यासाठी केलेला हा प्रवास, आणि त्यामागचे कारण उघडउघड घराण्याचे. गंमत अशी की त्यांच्या या आडकाठीमुळेच तो वाङ्निश्चय पुढे खरा होतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कादंबऱ्यांवरून इतिहास सांगायचा म्हणजे सिनेमा बघून पोलीस तपासाची पद्धत लिहिण्यासारखे नाही का? म्हणून कोर्टाकडे वळू. ऑस्टिनची ती पहिली कादंबरी ऑक्टोबर 1811मध्ये आली. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या धर्मन्यायालयात सर विल्यम स्कॉट यांनी डॅलरिंपल खटल्याचा निकाल दिला. जॉन डॅलरिंपल हा एकोणीस वर्षांचा घोडदळातला तरुण अधिकारी 1804 साली पलटणीबरोबर एडिंबरोत होता. तिथे जोहाना गॉर्डन या जमीनदाराच्या मुलीशी त्याचे जुळले आणि दोघांनी एकमेकांना लेखी वचने दिली. वडिलांच्या धाकाने हे सारे गुप्त ठेवायचे ठरले. पुढे तो इंग्लंडला परतला, वडील वारले, आणि 1808 साली त्याने लंडनमध्ये लॉरा मॅनर्सशी रीतसर चर्चमध्ये लग्न केले. जोहाना आपले कागद घेऊन न्यायालयात आली. हार्डविकचा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे दोघांनी आपण पतिपत्नी आहोत असे एकमेकांना कबूल केले तरी लग्न होत असे. सर विल्यमनी स्कॉटिश कायदा बारकाईने तपासला आणि जोहाना हीच त्याची कायदेशीर पत्नी असल्याचा निवाडा दिला. ज्याला तो आपला तारुण्यातला एक गुप्त करार समजत होता, ते सात वर्षांपूर्वी लागलेले लग्न निघाले, आणि चर्चमध्ये थाटाने झालेले लग्न रद्दबातल ठरले. कुठल्याही कादंबरीकाराने एवढे धाडस केले नसते. सर विल्यमचे धाकटे बंधू, तेव्हाचे लॉर्ड चॅन्सेलर एल्डन, हे स्वतः तरुणपणी कोळशाच्या व्यापाऱ्याचा मुलगा असताना न्यूकॅसलच्या बँकरची मुलगी पळवून स्कॉटलंडमध्ये लग्न करून आले होते. स्कॉटिश लग्नांचे महत्त्व त्या घरात समजावून सांगावे लागले नसणार.

आता घराण्यांतल्या अंतराचा प्रश्न. बड्या घरांत लग्न ठरणे दोन पायऱ्यांनी होई. आधी शब्द, मग सॉलिसिटरच्या कचेरीत मालमत्तेचा करार: मुलीने काय आणायचे, वैधव्यात तिला वर्षाला काय मिळायचे, धाकट्या मुलांचा वाटा किती. आपल्याकडे बैठकीत याद्या होतात, तसाच हा प्रकार, फक्त वकिलांनी चर्मपत्रावर लिहिलेला. याद्या सुरू झाल्यावर गैरसमजाला जागा राहत नाही. म्हणून तोलामोलाच्या दोन घरांत चुकीचा वाङ्निश्चय फार काळ टिकत नसे. एक बाजू याद्यांची वाट बघे आणि त्या आल्या नाहीत की काय समजायचे ते समजे. दुकानदाराच्या किंवा शाळामास्तरच्या घरात मात्र शब्द हाच सगळा व्यवहार होता. शेजारणीला सांगितले, कापड घेतले, की लग्न ठरले. एक पक्ष कागदाशिवाय काही खरे न मानणारा आणि दुसरा शब्दालाच कागद समजणारा, असे दोन पक्ष समोरासमोर आले की दोघेही प्रामाणिक असूनसुद्धा एकाच संध्याकाळचे दोन अर्थ निघत. अप्रामाणिक पुरुषाला तर ही फट आयतीच मिळे.

कोर्टाने ही फट पैशांत मोजली. ज्यूरी भरपाई ठरवताना प्रतिवादीची मिळकत आणि हुद्दा लक्षात घेई, कारण वादी स्त्रीचे जे हुकले ते त्याच्या घरातले स्थान. बरोबरीच्या माणसाने शब्द मोडला तर नुकसान थोडे. वरच्या माणसाने मोडला तर मोठे. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण रीजन्सीनंतर चार वर्षांनी, डिसेंबर 1824मध्ये लंडनला घडले. मारिया फूट ही रंगभूमीवरची लोकप्रिय नटी, आणि जोसेफ हेन हा वारसाहक्काने गब्बर झालेला तरुण. मारियाला कर्नल बर्कलीपासून दोन मुले होती. हे कळूनही हेनने वचन दिले, मागे घेतले, पुन्हा दिले. तिने दहा हजार पौंडांचा दावा लावला. ज्यूरीने तीन हजार दिले. बदफैली म्हणून तिला हाकलून न देता एवढी रक्कम दिली, कारण सगळे ठाऊक असूनही शब्द देणाऱ्या श्रीमंताची ज्यूरीला कीव आली नाही. 1831 साली मारिया हॅरिंग्टनच्या अर्लची पत्नी झाली. उलट बाजूही आहे. 1846 साली मेरी एलिझाबेथ स्मिथ या खेड्यातल्या मुलीने अर्ल फेरर्सवर दावा लावला आणि त्याची म्हणून पत्रांची चळत हजर केली. पत्रे तिच्याच हातची असल्याचे उघड होत गेले आणि दावा कोसळला. पत्रे हाच वाङ्निश्चय असेल तर पत्रे लिहून वाङ्निश्चय तयारही करता येतो, हे त्या मुलीने व्यवस्थेकडून अचूक शिकले होते.

कोणी म्हणेल, असे दावे मध्यमवर्गीय आणि नाटकवाल्या बायकांचे. खानदानी घरे कोर्टाची पायरी चढत नसत, मग या कायद्याचा त्यांच्याशी काय संबंध? खानदानी मुलगी दावा लावत नसे हे खरेच, आपली पत्रे वर्तमानपत्रांत छापून येण्यापेक्षा तिला अपमान गिळणे परवडे. पण कोर्टाची आणि दिवाणखान्याची कसोटी एकच होती, शिक्षा तेवढी वेगळी. तिथे भरपाई, इथे अब्रू. आणि दोन्हीकडे ओझे पुरुषावर जास्त पडे. बाईला मन बदलण्याची मुभा होती. 1802च्या डिसेंबरात ऑस्टिनने स्वतः हॅरिस बिग-विदर या मोठ्या इस्टेटीच्या वारसाला संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी मागे घेतला. कुणी दावा लावला नाही. रीजंटची मुलगी शार्लट हिने तर जून 1814मध्ये ऑरेंजच्या राजपुत्राशी ठरलेले लग्न बापाच्या इच्छेविरुद्ध मोडले. कायद्याने पुरुषालाही दावा लावता येत असे, पण त्याला भरपाईपेक्षा हशाच अधिक मिळे. पुरुषाने मात्र माघार घेतली की तो सभ्य माणूस राहत नसे, म्हणून न घातलेल्या मागणीतही तो अडके.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: ड्यूकने शिक्षिकेशी लग्न केल्याची उदाहरणे आहेत कुठे? शिक्षिकांची जवळजवळ नाहीत, आणि तिथे या कादंबऱ्या सरळ स्वप्न विकतात. ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये अनौरस हॅरिएट पाद्र्याची स्वप्ने बघते आणि अखेर शेतकऱ्याच्या घरी सुखी होते, ते हिशेबाला धरून आहे. पण नटींची उदाहरणे आहेत. एलिझाबेथ फॅरन 1797 साली डर्बीची काउंटेस झाली, लुइझा ब्रंटन 1807 साली क्रेव्हनची, हॅरिएट मेलन आधी बँकर कूट्सची बायको आणि 1827 साली सेंट अल्बन्सची डचेस. या बायकांकडे स्वतःची कमाई होती, सगळ्या शहराची नजर त्यांच्यावर होती, आणि त्यांच्याशी कोण कसे वागते हे गुपित राहणे शक्य नव्हते. शिक्षिकेला जे मिळत नसे तेच यांच्याकडे भरपूर होते: साक्षीदार.

हा सगळा इंग्रजी बुजरेपणाचा खेळ वाटत असेल तर मुंबईकडे पाहावे. 1870 साली मुंबई हायकोर्टापुढे उमेद किका विरुद्ध नगीनदास नरोत्तमदास हा मोडलेल्या सोयरिकीचा दावा आला. वाङ्निश्चय म्हणजे लग्न नव्हे, त्यावरून लग्न लावायला भाग पाडता येत नाही, भरपाई मात्र मागता येते, अशी कोर्टाची भूमिका होती. निष्कर्ष इंग्रजी साच्याचाच. पण ज्यावर इंग्लंडमधले वकील दिवसचे दिवस घालवत, तो ‘ठरले होते का’ हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच अवघड असे. वाङ्निश्चय दोन कुटुंबांत होतो, नारळ-साखर दिली जाते, पंक्ती उठतात. वधूवरांचा गैरसमज व्हायला त्यांना कुणी विचारलेलेच नसते. इंग्लंडने तरुण माणसांना स्वतः ठरवण्याची थोडी मोकळीक दिली आणि ठरल्याची खूण मात्र दिली नाही. चुकीचा वाङ्निश्चय या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत जन्मला.

1869 साली दोघांना साक्ष देण्याची परवानगी मिळाली तीही अर्धवटच. वादीच्या शब्दाला दुसरा काही पुरावा जोडलाच पाहिजे, असे कलम त्याच कायद्यात घातले गेले. म्हणजे चारचौघे कोर्टाबाहेर गेले नाहीत. वचनभंगाचा दावा इंग्लंडमध्ये 1970च्या कायद्याने बंद झाला आणि 1971 उजाडता संपला. रीजन्सी प्रेमकादंबरीला आजचे रूप देणाऱ्या जॉर्जेट हेयर यांचे ‘रीजन्सी बक’ 1935चे आणि लटक्या वाङ्निश्चयावरचे ‘कोटिलियन’ 1953चे. या पुस्तकांचे पहिले वाचक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे काही जुनेपुराणे वाचत नव्हते. दिलेला शब्द मोडला म्हणून त्यांच्यावरही दावा लागू शकत होता.