वारशाचे टपालतिकीट : खरे की खोटे?

जुन्या घराण्याची पेटी उघडली म्हणजे तीतून दागिन्यांपेक्षा कागदच अधिक निघतात. खते, पावत्या, देवस्थानास दिलेल्या देणग्यांच्या नोंदी, आणि पत्रांच्या जुडग्यात एखादे जुने टपालाचे तिकीट. हुबळीचे देशपांडे नगर घ्या किंवा कारवारकडील एखादे गाव घ्या, अशा तिकिटाबरोबर एक आख्यायिकाही चालत येते : ‘हे आजोबांचे, फार मोलाचे.’ वाटणीच्या वेळी हा बोल भावाभावांत वितुष्ट आणावयास पुरेसा होतो. म्हणून त्याची पारख कशी करावयाची, याचा येथे विचार करू.

आमच्या प्रांतास अशी पारख नवी नाही. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जे. एफ. फ्लीट यांनी कानडी मुलखाचे शिलालेख व ताम्रपट वाचताना बनावट ताम्रपटही निवडून काढले. ताम्रपट कोणाच्या घरी मिळाला, एवढ्यावर त्यांनी निर्णय दिला नाही; लिपी त्या काळची आहे काय, तिथी जुळते काय, हे पाहिले. तिकिटासही हीच कसोटी लावली पाहिजे. ते ज्या काळचे म्हणून सांगितले जाते त्या काळाशी त्याचा कागद, छपाई आणि शिक्का जुळतो काय?

1854 साली सर्व हिंदुस्थानासाठी पहिली तिकिटे निघाली. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात देशभर कोठेही जाऊ लागले. अर्ध्या आण्याचे निळे तिकीट कलकत्त्यास सर्वेअर जनरलच्या कचेरीत शिळाछापावर छापले गेले. त्याच्या कडेस भोके नव्हती. ती तिकिटे कात्रीने कापून वेगळी करावी लागत. कागद उजेडापुढे धरला असता जे चिन्ह दिसते त्यास जलचिन्ह म्हणतात. येथे ते कंपनीच्या राजचिन्हाचे असून सबंध तावभर पसरलेले होते. त्यामुळे एकेका तिकिटाच्या वाट्यास त्याची एखादी रेघच येई, कित्येकांस तीही येत नसे. यास्तव केवळ जलचिन्ह दिसत नाही म्हणून तिकीट खोटे ठरत नाही. मात्र भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अर्वाचीन छपाई होय, हे निश्चित समजावे.

कधी तिकीट खरे असते आणि आख्यायिका खोटी ठरते. हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह 1865 साली आले. ‘ईस्ट इंडिया’ हे शब्द जाऊन नुसते ‘इंडिया’ 1882 साली आले. मग असे तिकीट 1857 च्या बंडातील पत्रावरचे कसे असेल?

गोमंतकाची तिकिटे याहून फसवी. पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली तिकिटे 1 ऑक्टोबर 1871 रोजी निघाली. ती नव्या गोव्यासच छापली गेली व दिसावयास ओबडधोबड होती. 1877 पासूनची मुकुटाची तिकिटे लिस्बनहून छापून आली. म्हणजे सुबकपणा हे खरेपणाचे लक्षण नव्हे, आणि ओबडधोबडपणा हे खोटेपणाचेही नव्हे. पुढे 1881 साली चलन बदलले, तेव्हा जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापण्यात आल्या. येथेच लबाडीस वाव मिळाला : तिकीट अस्सल, वरचा छाप तेवढा नकली.

स्वतंत्र भारतातही हाच प्रकार दिसतो. 15 ऑगस्ट 1948 रोजी महात्मा गांधींच्या स्मरणार्थ चार तिकिटे निघाली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापलेली होती. गव्हर्नर जनरलांच्या कचेरीसाठी त्यांपैकी फक्त 100 संचांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द छापला गेला. एवढ्या एका शब्दाने किंमत कितीतरी पटींनी वाढते. तेव्हा तो शब्द नंतर कोणी उमटविला नाही ना, ही शंका प्रथम घेतली पाहिजे.

घरात असे तिकीट सापडल्यास ते पाकिटावरून सोडवू नये, धुऊ नये, कडा कापून नीट करू नयेत. गावाचा शिक्का, तारीख, पत्ता हे सारे त्याचे साक्षीदार आहेत. तिकीट सोडविले की साक्षीदार गेले. हातास स्पर्श न होऊ देता, चिमट्याने उचलून तज्ज्ञाकडे न्यावे. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीने 1894 पासून अशा परीक्षेचे काम चालविले आहे. मात्र परीक्षेस खर्च येतो. अर्ध्या आण्याची निळी तिकिटे कोट्यवधी छापली गेली होती. तेव्हा जुने ते सारेच मोलाचे नसते, हे ध्यानी घेऊनच तो करावा.

आणि तिकीट नकली ठरले तर? आजोबांस लबाड म्हणण्याचे कारण नाही. जिनीव्हाचा फुर्निए हा गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी नकली तिकिटे ‘प्रतिकृती’ म्हणून उघडपणे विकत असे; संग्राहक त्यांनी आपल्या वहीतील रिकाम्या जागा भरीत. आजोबांनी ती जाणूनबुजून घेतली असेल, पुढच्या पिढीने तिला मोल चढविले असेल. पाकिटावरील अक्षर मात्र त्यांच्याच हातचे आहे. ते पत्र कोणत्या गावाहून कोणत्या साली आले, घर कोठून कोठे गेले, एवढे त्यावरून कळते. म्हणून बाजारात तिकिटास मोल आले न आले, तरी भावंडांनी ते पाकीट फोडून वाटून घेऊ नये. एकाने सांभाळावे आणि सर्वांनी पाहावे, हेच आम्हांस योग्य वाटते.