शहराचा जलशुद्धीकरण प्रकल्प : पाणी कुठलं, पैसा कुणाचा?

मनमाड : नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी, ही मनमाडकरांची कित्येक वर्षांची सवय. वागदर्डी धरण पावसावर भरेलच याची खात्री नाही. म्हणून पालखेड डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की पाटोद्याच्या साठवण तलावात पाणी घ्यायचं आणि तिथून पंपाने वागदर्डीत टाकायचं, असा द्राविडी प्राणायाम. यावर उतारा म्हणून दिंडोरी तालुक्यातल्या करंजवण धरणातून थेट जलवाहिनीची सुमारे ३०० कोटींची योजना नगरोत्थान महाअभियानातून मंजूर झाली. अशी योजना कागदावरून नळापर्यंत येते कशी?

सुरुवात माणशी हिशेबाने होते. भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहराला केंद्राच्या मानकाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर, गटार नसेल तर ७० लिटर. म्हणजे गटाराचा निर्णय आधी, प्रकल्पाचा आकार नंतर. २०११ च्या जनगणनेत मनमाडची लोकसंख्या ८० हजारांवर होती. १३५ ने गुणलं की दिवसाला १ कोटी ८ लाख लिटर. त्यात १५ टक्के गळती धरली की पावणेतेरा दशलक्ष लिटरच्या आसपास जातं. हा झाला जुन्या जनगणनेचा आकडा. योजना मात्र साधारण ३० वर्षांपुढची लोकसंख्या धरून आखतात, पंप-मोटारी १५ वर्षांच्या हिशेबाने.

नंतरची पायरी पाणी आरक्षणाची, आणि खरी अडचण इथेच. प्रकल्प कितीही मोठा बांधा, धरणात हक्काचं पाणी नसेल तर टाक्या कोरड्याच. जलसंपदा विभागाची मंजुरी लागते. पिण्याला पहिला हक्क आहे, त्याबद्दल वाद नाही; पण शहराला दिलेलं पाणी लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याच्या आवर्तनातून कमी होतं. त्यासाठी शहराकडून सिंचन पुनर्स्थापना खर्च मागितला जातो. या खर्चावरून नाशिक महापालिका आणि जलसंपदा यांच्यात वर्षानुवर्षे घोळ चालला. छोट्या नगर परिषदेने हा आकडा अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरलेला बरा.

मग सविस्तर प्रकल्प अहवाल, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता, शासनाची प्रशासकीय मान्यता आणि निविदा.

पैसा एकाच खिशातून येत नाही. मुकणे धरणातून विल्होळीच्या १३७ दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात पाणी आणण्याची नाशिकची योजना नेहरू अभियानातली. त्यात नाशिकसाठी केंद्राचे ५०, राज्याचे २० आणि महापालिकेचे ३० टक्के असं सूत्र होतं. २०२१ ला आलेल्या अमृत २.० मध्ये लाखाच्या आतल्या शहराला केंद्राकडून निम्मे पैसे, एक ते दहा लाखाला एक तृतीयांश, त्यावर पाव हिस्सा. तेही २०, ४०, ४० टक्के अशा तीन हप्त्यांत. स्वतःचा हिस्सा पालिकेने जमवला नाही तर काम रेंगाळतं आणि दर वाढतात.

केंद्रातलं काम मात्र समजायला सोपं. पाण्याला हवा देणं, तुरटी, गाळ बसवणं, वाळूची गाळणी, शेवटी क्लोरीन. गढूळपणा १ एनटीयूच्या आत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. पावसाळ्यात नदी लाल झाली की तुरटी अंदाजाने नाही, रोज जार टेस्ट करून टाकायची. त्यासाठी प्रयोगशाळा आणि शिकलेला माणूस लागतो. नेमकं हेच पद बऱ्याचदा रिकामं असतं.

अनुदान बांधकामापुरतं. वीजबिल, तुरटी, क्लोरीन, पगार हे सगळं दर महिन्याला पाणीपट्टीतून काढायचं. वसुली अपुरी पडली की बिल थकतं आणि पंप बंद पडतात.

आपल्या शहराचा प्रकल्प अहवाल, आरक्षणाचा आदेश आणि चालू खर्चाचा तक्ता माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाला १० रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस.