फुलांइतकीच पानांची बाग : ओवळेकर वाडी

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने जाताना येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी ओवळा हे गाव लागते. उत्तुंग इमारतींच्या रांगा आता या गावापर्यंत येऊन ठेपल्या आहेत. अशा परिसरात क्रीडाशिक्षक राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या वडिलोपार्जित जागेत सुमारे दोन एकरांवर फुलपाखरांचे उद्यान फुलविले आहे. 'ओवळेकर वाडी' या नावाने ते परिचित आहे.

या बागेला जाळी नाही. फुलपाखरे लगतच्या रानातून येतात आणि मन मानेल तेव्हा निघून जातात. आतापर्यंत येथे शंभराहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांना मधासाठी एक्झोरा, पेंटास, घाणेरी अशी फुले लागतात. पैकी घाणेरी ही मूळची परदेशी आणि आपल्या रानांत बेसुमार माजलेली, पण फुलपाखरांना तिचे वावडे नाही.

मात्र केवळ फुले लावून फुलपाखरे टिकत नाहीत. प्रत्येक जातीची मादी अंडी घालण्यासाठी ठरावीक वनस्पतीच शोधते, कारण अळीला तीच पाने चालतात. कॉमन मॉर्मनला लिंबू वा कढीपत्ता, क्रिमझन रोझला ईश्वरीची वेल, तर प्लेन टायगरला रुई. रेड पिएरोची अळी पानफुटीच्या मांसल पानात शिरून आतला गर खाते. रुईतील विषारी द्रव्ये प्लेन टायगरच्या अंगात साठतात, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय या निर्विष जातीची मादी त्याच्यासारखेच रूप घेऊन फिरते, हे पाहण्यासारखे आहे. खुळखुळ्याच्या सुकल्या फांद्यांवर ब्ल्यू टायगरचे नर गर्दी करतात ते मधासाठी नव्हे. मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यास लागणारी द्रव्ये त्यांना तेथे मिळतात.

त्यामुळे या बागेतील कुरतडलेली पाने पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. येथे कीटकनाशक फवारले तर उद्यानच संपेल. ओल्या मातीवर बसून क्षार शोषणारी फुलपाखरेही काँक्रीटच्या अंगणात दिसणार नाहीत.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्ल्यू मॉर्मन, म्हणजेच राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू घोषित केले. असा निर्णय घेणारे हे देशातील पहिले राज्य. काळ्या पंखांवर निळसर झळाळी असलेले हे मोठे फुलपाखरू येथेही नजरेस पडते.

भेटीसाठी पावसाळा ओसरल्यानंतरचे, सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने उत्तम. फुलपाखरांना उडण्यासाठी उन्हाची ऊब लागते. फार लवकर गेल्यास ती पंख पसरून ऊन खात बसलेली दिसतात, तर भर दुपारी सावलीला दडतात. बाग प्रामुख्याने रविवारी सकाळी खुली असते, तरी निघण्यापूर्वी चौकशी करावी. कल्याण-डोंबिवलीकरांनी लोकलने ठाण्यास उतरून घोडबंदर मार्गावरील बस घ्यावी. भडक सुगंधी द्रव्ये टाळावीत, फुलपाखरांना हात लावू नये आणि मुलांच्या हाती जाळे देऊ नये.

डोंबिवलीतील सज्जात कढीपत्त्याची कुंडी असेल, तर परतल्यावर तिचीही पाने निरखावीत. पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका बहुधा कॉमन मॉर्मनची कोवळी अळी असते.